पत्ते पिसायला शिका!

पुण्या-मुंबईची माणसे पत्ते पिसतात. आमच्या भंडाऱ्याकडे, हिंदीच्या शेजारामुळे म्हणा, पुष्कळ जण ताश फेटतात. शब्द कोणताही घ्या, ज्याला ते सफाईने जमते त्याच्याकडे चारचौघे कौतुकाने पाहतात आणि मागाहून ‘हा पैसे लावून खेळत असणार’ असा संशयही घेतात. लग्नाच्या जानोशात पुरुषांचा डाव रात्रभर रंगलेला चालतो, कोजागिरीला दूध आटेपर्यंत चालतो. एरवी घरातल्या सुनेने किंवा लेकीने कॅट हातात घेतला की कपाळाला आठी पडते.

आता या कॅटच्या जोडीला टॅरो आले आहे. आमच्या शेजारी ते पार्सलने आले तेव्हा आजींना ती भानामती वाटली, वडिलांना जुगार वाटला, आणि जिने मागवले त्या बी.एस्सी. झालेल्या मुलीचे दुःख तिसरेच होते. ते पत्ते तिच्या हातात मावत नव्हते. पिसायला घेतले की निम्मे जमिनीवर. पत्ते जाळावेत की परत पाठवावेत असा वाद घरात चालला असताना शेजारची निवृत्त शिक्षिका म्हणून माझे मत विचारले गेले. मी म्हटले, आधी तिला पिसायला शिकवू या.

हे मी गमतीने म्हटले नव्हते. टॅरोचा जन्मच मुळी खेळातून झाला. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे पत्ते खेळायला म्हणून निघाले. मिलानच्या सरदार घराण्यांसाठी रंगवलेले सोनेरी पत्ते आजही संग्रहालयांत आहेत. भविष्य सांगण्याचे काम त्यांच्या गळ्यात पडले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, फ्रान्समध्ये. म्हणजे तीनशेहून अधिक वर्षे ते निव्वळ खेळाचे होते. त्याच फ्रान्समध्ये लोक आजही ७८ पत्त्यांचा टॅरो नावाचा डाव मांडून बसतात, आणि त्यात कोणी कोणाचे भविष्य विचारत नाही.

पण हे पत्ते अवघड खरेच. आपला नेहमीचा पत्ता सुमारे नऊ सेंटिमीटर लांब, सहा रुंद. टॅरोचा बारा लांब, सात रुंद. शिवाय ५२ च्या जागी ७८. एवढी चळत एका पंजात धरून रमीसारखी पिसायला गेले तर ती सांडणारच. उपाय साधा आहे. पत्ते उभे न धरता आडवे धरावेत, लांब कड तळहातावर टेकलेली. मग मागचे थोडे थोडे पत्ते उचलून पुढे सोडत जावे. हात लहान असेल तर कॅटचे दोन भाग करून प्रत्येक वेगळा पिसावा, मग एकातला घास दुसऱ्यात सारावा. दोन भागांच्या कडा वाकवून फर्रकन एकमेकांत सोडण्याची ऐट मोठ्या पत्त्यांवर करू नये. मधे कायमचा बाक येतो. पावसाळ्यात कागद ओल धरतो, पत्ते चिकटतात. काही जण पावडर लावतात, मला ते पटत नाही, तिच्या गुठळ्या होतात. कोरडे हात आणि मऊ फडके पुरते. सगळ्यांत उत्तम म्हणजे सतरंजीवर पत्ते पालथे पसरून दोन्ही हातांनी कालवावेत.

आमच्या सावंतवाडीच्या गंजिफाची तीच रीत. दशावतारी गंजिफा म्हणजे १२० गोल, रंगवलेले पत्ते. दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकी बारा. दिवसा डाव रामापासून सुरू व्हायचा, रात्री कृष्णापासून. त्या गोल चकत्या चळत करून पिसणार कशा? कापडावर पसरून मिसळायच्या. ही कला विझत आली असता शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली. अवतारांची चित्रे हातात घेऊन खेळणे आपल्या पूर्वजांना पाप वाटले नाही, हे मी आजींना आवर्जून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, एवढेच.

आणि बायकांच्या हाताचे म्हणाल, तर आमच्या जिल्ह्यात ते कोणी शिकवावे? घराघरांतून विड्या वळणाऱ्या बायका बघा. तेंदूपत्ता भिजवून किती नरम ठेवायचा, कात्री कुठे फिरवायची, तंबाखू चिमटीत किती, दोरा किती ओढायचा, सारे बोटांना पाठ. नजर पानावर असावीच लागते असे नाही. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने, म्हणून या चपळाईला कोणी नावे ठेवत नाही. त्याच बोटांत पत्ते आले की मात्र बाई वाया गेली!

आता खरी गोष्ट. त्या मुलीला एम.एस्सी.साठी नागपूरला जायचे होते. तिने पत्त्यांना विचारले, आणि तीन वेळा तोच पत्ता आला: सोळावा, वीज कोसळलेला मनोरा, त्यावरून पडणारी माणसे. मुलगी घाबरली. गंमत पाहा, ज्या आजींना ती भानामती वाटत होती त्याच म्हणाल्या, “बघ, तुझ्या पत्त्यातही नाहीच आलं!” वडीलही या जुगाराच्या निकालावर खूश दिसले.

मी तिला पिसून दाखवायला सांगितले. आलेला पत्ता ती वरच ठेवायची, सांडायच्या भीतीने दोनदा जेमतेम वरखाली करायची आणि वरचे पत्ते उचलायची. मनोरा जाणार कुठे? डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवून दिले की फर्रकन सोडण्याच्या पद्धतीनेही ५२ पत्ते नीट मिसळायला साधारण सात वेळा पिसावे लागतात. आपली वरखाली करण्याची घरगुती पद्धत तर त्याहून फारच मंद. इथे ७८ पत्ते आणि दोनदा! ‘हा पत्ता माझा पिच्छा सोडत नाही’ असे जे टॅरोवाले सांगतात, त्यांतल्या कितीकांच्या नियतीचे मूळ असे आळशी पिसण्यात असेल?

कोणी पोटासाठी पत्ते मांडत असेल तर मांडो. आपल्याला काय खुपते आहे ते चित्र पाहून बोलता येते, एवढा उपयोग मी मान्य करते. पण मुलीच्या शिक्षणाचा निर्णय घरच्यांना बोलायचा नाही, म्हणून तो पत्त्यांवर ढकलणे मला मान्य नाही. नागपूरचे भाडे, वसतिगृह, आजींची औषधे, हे प्रश्न खरे आहेत. त्यांवर त्या घरात महिनाभर कोणी चकार शब्द काढला नव्हता. मी तो विषय काढला तेव्हा वडील प्रथमच वहीपेन घेऊन बसले. आकडे अजून जुळायचे आहेत.

पत्ते जाळले नाहीत, परतही पाठवले नाहीत. मुलगी आता आडवे धरून छान पिसते. दंड, पेले, तलवारी, नाणी असे चार रंग आणि वर बावीस चित्रे. त्यांवर फ्रान्सचा डाव मांडायचा आमचा विचार आहे. चौघांत तो चांगला रंगतो म्हणे. ती, तिची आई आणि मी, तीन हात तयार आहेत. आजी सध्या सतरंजीच्या कडेला बसून बघतात, आणि परवा एक सांडलेला पत्ता त्यांनीच उचलून दिला.