कुलूप तिजोरीला हवे, तोंडाला नव्हे

सायबर सुरक्षेची चर्चा आपल्याकडे बहुधा मुंबई-पुण्याच्या वातानुकूलित सभागृहांत सुरू होते आणि तेथेच संपते. आम्ही ती आज बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव तालुक्यात, पिंपळगाव राजा या गावी नेऊ इच्छितो. कारण या धोरणाची खरी परीक्षा अशाच गावांत व्हावयाची आहे. तेथील शेतकऱ्याला आपल्या शेतातील पिकाची नोंद २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’त मोबाईलवरून करावी लागते. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस विकावयाचा, तर ‘कपास किसान’ या ॲपवर आधी नाव नोंदविणे आवश्यक झाले. रेशनच्या दुकानात धान्य मिळते ते यंत्राने अंगठा ओळखल्यावर. पीकविमा, अनुदान, मजुरी, किराणा दुकानातील दहा-वीस रुपयांचा व्यवहार, सारे त्याच वाटेने. एकेकाळी तलाठ्याच्या दप्तरात असलेला शेतकऱ्याचा संसार आज तारेवर चढला आहे, आणि तो त्याने स्वतःच्या हौसेने चढविलेला नाही. सरकारने चढविला आहे.

वऱ्हाडाला तारेचे हे नाते नवे नाही. १८७० साली खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा आला तो कापसासाठी. त्याच वर्षी समुद्राखालून टाकलेल्या तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली आणि विलायतेतील भाव वऱ्हाडच्या बाजारात कळण्याला महिन्यांऐवजी तास पुरू लागले. पण तार व्यापाराच्या कामी येते तशी ती प्रजेच्या तोंडीही येऊ शकते, हे परकी सत्तेने चांगलेच ओळखले होते. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात ‘सार्वजनिक आणीबाणी’च्या नावाखाली तार अडविण्याचा आणि चोरून वाचण्याचा अधिकार तिने राखून ठेवला. परकी सत्ता गेली. अधिकार मात्र राहिला. इंटरनेट बंद करण्याचे २०१७ चे नियम त्याच कायद्याखाली झाले होते, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याने जुना कायदा बाजूस सारला तरी अधिकाराचा गाभा बदललेला नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत, मे २०२३ मध्ये शेजारच्या अकोल्यात, पुढच्याच महिन्यात कोल्हापुरात, फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आंदोलनाच्या वेळी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत इंटरनेट बंद करण्यात आले. यापैकी काही प्रसंगी परिस्थिती खरोखरच कठीण होती, हे आम्ही नाकारीत नाही. अकोल्यात समाजमाध्यमावरील मजकुरावरून दंगल उसळली आणि एकाचा बळी गेला. अफवा वणव्यासारखी पसरत असता पोलिसांनी हात बांधून बसावे, असे कोणताही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. तथापि, एका मोहल्ल्यातील आग विझविण्यासाठी साऱ्या शहराचे किंवा जिल्ह्याचे पाणी तोडावे, असेही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. इंटरनेट बंद झाले की अफवा पसरविणारा गप्प बसतो हे सिद्ध झालेले नाही. खरी बातमी सांगणारा मात्र हमखास गप्प होतो. भाजीवाल्याचे पैसे अडकतात, रोजंदारीवर सामान पोचविणाऱ्या पोराची चूल त्या दिवशी पेटत नाही, परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत टळते. या नुकसानीचा पंचनामा कोणी करीत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात निर्णय देताना या प्रश्नाच्या दोन्ही अंगांना स्पर्श केला आहे. इंटरनेटवरून विचार मांडणे आणि इंटरनेटवरून व्यापार करणे या दोन्ही गोष्टींना घटनेच्या एकोणिसाव्या कलमाचे संरक्षण आहे, बेमुदत बंदी चालणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे मानवी हक्क एका पारड्यात आणि आर्थिक विकास दुसऱ्या पारड्यात, अशी जी मांडणी आपले मुत्सद्दी करतात ती मुळातच फसवी आहे. पिंपळगाव राजाच्या शेतकऱ्यापुरते बोलावयाचे तर त्याचा हक्क आणि त्याचा धंदा एकाच तारेतून वाहतात.

२०२४ च्या नव्या नियमांनी कारणांसह आदेश प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले, पंधरा दिवसांची कमाल मर्यादाही ठेवली. हे योग्यच झाले. परंतु आदेश योग्य होता की नाही हे तपासणार कोण? राज्याच्या गृहसचिवांनी काढलेला आदेश मुख्य सचिवांच्या समितीने तपासावयाचा, आणि त्या समितीतही सचिवच! घरच्याच माणसांनी घरच्याच वह्या तपासाव्यात, असा हा हिशेब आहे. संसदेच्या माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२१ मध्ये असे दाखवून दिले होते की, देशात कोठे किती वेळा इंटरनेट बंद केले याची नोंदसुद्धा केंद्र सरकार ठेवीत नाही. ज्या औषधाच्या मात्रेची नोंद नाही, त्याचा गुण आला असे वैद्याने कशाच्या आधारावर सांगावे?

याच्या उलट, खरा सायबर दरोडा कसा असतो हे महाराष्ट्राने प्रत्यक्ष पाहिले आहे. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. १९०६ साली स्थापन झालेली ही सहकारी बँक. चोरांनी तिच्या एटीएम यंत्रणेत घुसून पैसे देण्याची संमती स्वतःच द्यावयास सुरुवात केली आणि २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी रक्कम काढली; उरलेली हाँगकाँगच्या एका खात्यात वळविली. एकूण ९४ कोटी ४२ लक्ष रुपये. या चोरांनी समाजमाध्यमावर आदल्या रात्री भडक मजकूर लिहिला नव्हता, आणि जिल्ह्याचे इंटरनेट बंद करून त्यांना अडविता आले नसते. त्यांना अडविणारी होती ती चांगली कुलपे, जागे राखणदार आणि वेळेवर केलेली तपासणी. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अकरा जणांना शिक्षा दिली. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली. पण गावोगावच्या पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत आणि त्यांतील ठेवींना ठेव विम्याचे कवचही नाही. बुलढाणा जिल्ह्यात तर पतसंस्थांचे जाळे मोठे आहे. तेथील विधवेची ठेव असलेल्या संगणकाचे दार कोण तपासतो, हा प्रश्न आम्हाला शंभर भडक संदेशांपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो.

राज्यकर्त्यांचे लक्ष मात्र दाराकडे कमी आणि तोंडाकडे अधिक असते. मुंबईवरील हल्ल्यास महिनाही लोटला नव्हता, तेव्हा डिसेंबर २००८ मध्ये संसदेने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील दुरुस्ती जवळजवळ चर्चेविनाच मंजूर केली. तिच्यातून ६६अ हे कलम आले. सुरक्षेच्या वातावरणात आलेल्या या कलमाचा वार कोणावर झाला? नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला (ते तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते) दोन तरुण मुलींवर. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी एकीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्यांना पसंती दर्शविली. एवढ्यावर दोघींना अटक झाली. पुढे संबंधित पोलीस अधिकारी निलंबित झाले, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलमच घटनाबाह्य ठरविले. सहा-सात वर्षे देशाच्या पुस्तकात एक असा कायदा होता, ज्याने तिजोरी राखली नाही, पण मुलींना पोलीस ठाणे दाखविले.

आज प्रश्न अधिक सूक्ष्म झाला आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. त्यानंतर सहा वर्षांनी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि बहुतेक बंधनांना अठरा महिन्यांची सवड मिळाली. सवड मिळण्यास आमची हरकत नाही; लहान धंदेवाल्यास ती हवीच. आमची हरकत आहे ती केंद्र सरकारला आपल्या हव्या त्या यंत्रणेस या कायद्यातून सूट देता येते, या तरतुदीला. शेतकऱ्याचा आधार क्रमांक, जमीन, कर्ज आणि अंगठा गोळा करण्यात सर्वांत पुढे कोण आहे? सरकारच. मग सर्वांत कडक बंधन सरकारवर नको काय?

राज्य सरकारने यापुढे इंटरनेट बंदीचा प्रत्येक आदेश, कारणांसह आणि मराठीत, त्याच दिवशी प्रसिद्ध करावा. बंदी पोलीस ठाण्याच्या हद्दीपलीकडे न्यावयाची असेल, तर आढावा समितीत निवृत्त न्यायाधीश बसवावा. आणि सहकार खात्याने पतसंस्थांच्या संगणकांची तपासणी हिशेब तपासणीइतकीच सक्तीची करावी. बंदीमुळे नोंदणीची मुदत चुकलेल्या शेतकऱ्याला ती आपोआप वाढवून मिळावी, यासाठी तर नव्या कायद्याचीही गरज नाही. २०१७ पासून महाराष्ट्रात किती वेळा, कोठे, किती तास आणि कोणाच्या सहीने इंटरनेट बंद झाले, याचे विवरणपत्र सरकारने नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सभागृहासमोर ठेवावे, आणि विरोधी पक्षाने ते मागितल्यावाचून पहिला आठवडा संपू देऊ नये.