हिरकणी कक्षाचे कुलूप काढण्याबाबत : लहान मुलांच्या पालकांचे निवेदन

प्रति,
मा. आयुक्त, महानगरपालिका
मार्फत : मा. उद्यान अधीक्षक

विषय : नदीकाठच्या उद्यानातील हिरकणी कक्ष तातडीने खुला करण्याबाबत, तसेच तीन वर्षांखालील मुलांसाठीच्या अन्य सोयींबाबत.

संदर्भ : पालकांची यापूर्वीची निवेदने. सर्वांची पोच आहे, लेखी उत्तर एकाचेही नाही.

महोदय,

रविवारी सकाळी उद्यानाच्या फाटकावर जी कुटुंबे दिसतात त्यांतली बरीच शहरातली नसतात. ती आसपासच्या गावांतून एसटीने येतात. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, मार्च 2023 पासून आईला अर्धे तिकीट, उद्यानाचे शुल्कही खिशाला जड नाही. डब्यात पोळीभाजी, थर्मासमध्ये दूध, पिशवीत मुलाचे कपडे आणि सोबत बहुधा आजी. दीड-दोन वर्षांच्या लेकराला घेऊन दिवसभर बाहेर पडावे आणि ते परवडावे, अशी दुसरी जागा या कुटुंबांकडे नाही. मात्र दिवसभरासाठी निघालेली ही माणसे दोन-अडीच तासांत परतीच्या गाडीला लागतात. मूल भुकेजते, शी करते, झोपेला येते, आणि यांतल्या कशाचीही सोय उद्यानात नाही.

सोय नाही, असे म्हणणेही पुरते खरे नाही. सोय बांधलेली आहे आणि तिला कुलूप आहे.

तिकीट खिडकीच्या डाव्या हाताला हिरकणी कक्ष आहे. महिला दिनाचे निमित्त साधून, फीत कापून त्याचे उद्घाटन झाले. दारावर आई-बाळाचे चित्र आहे, फलक आहे, आणि कडीला गंज चढलेले कुलूप आहे. झडपांच्या खिडकीतून आत डोकावले की खराटे दिसतात, फिनेलचे कॅन, रबरी पाइपाचे वेटोळे आणि गांडूळखताची पोती दिसतात. पोत्यांच्या मागे भिंतीला टेकून एक गादीची खुर्ची आहे. कारखान्यातून येताना तिच्यावर जो प्लास्टिकचा कागद होता तो अजून काढलेला नाही. म्हणजे उद्घाटनापासून आजवर त्या खुर्चीवर कोणी बसलेले नाही.

किल्ली मागितली की सुरक्षारक्षक सांगतो, मुकादमांकडे आहे. मुकादमांची साप्ताहिक सुट्टी रविवारी असते. ज्या दिवशी उद्यान लेकुरवाळ्यांनी भरते, नेमक्या त्याच दिवशी किल्ली आवारात नसते. ही अडचण पालकांनी कार्यालयाला तोंडी सांगितली, लेखी सांगितली, जागेवर आणूनही दाखवली. किल्लीची दुसरी प्रत करून फाटकावर ठेवण्यात कसली तांत्रिक अडचण आहे, हे आजतागायत कोणी सांगितलेले नाही.

मग आया काय करतात? वाहनतळाच्या भिंतीआड जातात. तिथे दुचाक्यांची ये-जा असते, चालक थांबून बघतात. आई भिंतीकडे तोंड करून बसते, आजी लुगड्याचा पदर आडवा धरून उभी राहते. तान्हे बाळ पदराखाली निवांत पिते. दीड वर्षाचे मूल तसे राहत नाही. त्याला घाम येतो, कुत्रा भुंकला की ते बघायचे असते, ते पदर ओढून बाजूला करते. आई पुन्हा झाकते, ते पुन्हा ओढते, आणि शेवटी अर्धवट पाजून, रडत्या मुलाला खांद्यावर टाकून ती बाहेर येते. अशा एका आईने मागच्या बैठकीत सांगितले की आता ती मुलाला उद्यानात आणतच नाही.

‘एवढ्या मोठ्या मुलांना अंगावर कशाला पाजायचे?’ असा प्रश्न कार्यालयातल्या एका टेबलावरून विचारला गेला, म्हणून हेही लिहून ठेवावे लागते. पूरक आहारासोबत दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही स्तनपान चालू ठेवावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. महापालिकेच्याच दवाखान्यात लसीकरणाला गेलेल्या आयांना परिचारिका हेच सांगतात. एका खात्याने पाजा म्हणायचे आणि दुसऱ्याने दार बंद ठेवायचे, हे एका महापालिकेत शोभत नाही.

लंगोट बदलण्याची स्थिती याहून वाईट आहे. कक्षाबाहेर त्यासाठी फळी नाही, ओटा नाही. प्रसाधनगृहाची फरशी ओली असते, तिथे मुलाला आडवे टाकणे शक्य नाही. त्यामुळे डबे उघडून जेवायला बसण्याचे बाक, स्कूटरचे पायदान किंवा कारंज्याचा कठडा, जिथे जागा मिळेल तिथे मुलाला निजवले जाते. वापरलेले डायपर टाकायला झाकणाचा डबा नसल्याने ते झुडपांत पडतात, आणि मग घाण पालक करतात, असे सूचनाफलक लागतात. मुलाला घेऊन एकटा आलेला बाप तर कोणाच्याच हिशेबात नाही. म्हणून कक्ष उघडताना लंगोट बदलण्याची फळी वेगळ्या आडोशाला, बापालाही जाता येईल अशा जागी बसवावी, असा आग्रह आहे.

सार्वजनिक ठिकाणच्या अशा कक्षांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2025 साली काय म्हटले, केंद्राने राज्यांना काय कळवले, हे कार्यालयाला ठाऊक आहे. त्याची उजळणी इथे केलेली नाही. एक उदाहरण मात्र द्यायला हवे. डिसेंबर 2022 मध्ये आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा राज्यभर कौतुक झाले. पुढच्या अर्थसंकल्पीय अधिवेशनात मुंबईच्या विधानभवनातल्या हिरकणी कक्षात त्या गेल्या, तर तिथे धूळ होती, गैरसोय होती, आणि त्यांना ते जाहीरपणे सांगावे लागले. आमदाराच्या बाळाची ही गत झाली, तेव्हा निदान वर्तमानपत्रांनी दखल घेतली. एसटीने आलेल्या आईसाठी कॅमेरे येत नाहीत. तिच्यासाठी हे निवेदनच आहे.

आश्वासनांचा क्रमही नोंदवून ठेवतो. पहिल्या भेटीत ‘महिला कर्मचारी मिळाली की उघडू’ असे सांगण्यात आले. पावसाळ्यात गेलो तर स्वच्छतेचा ठेका बदलत होता. दिवाळीनंतर आचारसंहिता आडवी आली. कुलूप काढायला आचारसंहितेची अडचण कशी येते, हे पालकांना उमगले नाही, तरी ते थांबले. ऑनलाइन तक्रारीवर ‘निकाली’ असा शेरा पडला, त्या दिवशीही कक्ष बंदच होता. अखेर जनता दरबारात, सर्वांसमक्ष, ‘पंधरा दिवसांत कार्यवाही’ असा शब्द मिळाला. त्या पंधरा दिवसांवरून एक अख्खा उन्हाळा गेला आहे. या काळात ज्यांच्यासाठी पहिले निवेदन दिले होते त्यांतली काही मुले अंगणवाडीत जाऊ लागली. लहान मुलांच्या बाबतीत उशीर म्हणजे नकारच असतो, कारण मूल कार्यालयासाठी लहान राहत नाही.

बाकीच्या मागण्या थोडक्यात आहेत.

पत्र्याची घसरगुंडी पश्चिमेकडे तोंड करून उघड्यावर आहे. दुपारच्या उन्हात तापलेला पत्रा लहान मुलाच्या नाजूक कातडीला काही सेकंदांत पोळवतो, आणि चटका बसताच हात काढून घ्यावा इतकी समज त्या वयाला नसते. जाणत्या आया आधी आपला तळहात टेकवून बघतात. सगळ्यांना ते सुचतेच असे नाही. ती घसरगुंडी कडुनिंबाच्या सावलीत हलवावी. पाळण्यांच्या सर्व बैठका सपाट फळीच्या आहेत, निदान दोन तरी पुढून आडवी दांडी असलेल्या हव्यात. कारंज्याभोवतीच्या कठड्याच्या गजांतील अंतरही तपासावे. साडेतीन ते नऊ इंचांच्या फटीतून लहान मुलाचे अंग पार होते आणि डोके अडकते, म्हणून खेळांच्या साहित्यात अशी फट धोक्याची धरतात. या कठड्याला ती आहे.

बाबागाडीसाठी फाटकाच्या पायऱ्यांशेजारी उतार करावा. पिण्याच्या पाण्याचा एक नळ खाली घ्यावा.

वेळेचा प्रश्न राहिला. उद्यान अकराला बंद होते ते चारला उघडते. गावाहून आलेल्या कुटुंबाने मधले पाच तास मुलाला घेऊन कुठे बसावे? एक-दोन वर्षांच्या मुलाने दिवसातून किमान 180 मिनिटे हिंडावे-खेळावे, आणि दुपारच्या डुलकीसह 11 ते 14 तास झोपावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले. दोन्हींसाठी झाडाखालची जागा याच उद्यानात आहे. निदान रविवारी व सुट्टीच्या दिवशी ते दुपारी उघडे ठेवावे.

मुंबईत कमला नेहरू पार्कमधला म्हातारीचा बूट, पुण्यात पेशवे उद्यानातली 1956 सालापासूनची फुलराणी, या गोष्टींवर कित्येक पिढ्यांचे बालपण पोसले गेले. या पालकांची मागणी तेवढी मोठी नाही. नवे बांधकाम नको, नवी फीत नको. खताची पोती गोदामात हलवावीत, खुर्चीवरचा कागद काढावा, किल्ली रविवारीही फाटकावर असावी. हे काम एका सकाळचे आहे आणि त्याला निविदा लागत नाही.

या निवेदनाची शिक्क्यासह पोच द्यावी आणि कार्यवाहीचे लेखी उत्तर पंधरा दिवसांत मिळावे. या वेळी मुदत पालकांनी घातली आहे. ती टळली तर पालक आपल्या मुलांना घेऊन मुख्य इमारतीच्या व्हरांड्यात बसतील. मुलांना तिथेच पाजले जाईल आणि त्यांचे लंगोट तिथेच बदलले जातील. ती वेळ कार्यालयाने येऊ देऊ नये, ही कळकळीची विनंती.

कळावे,
आपले विश्वासू,
उद्यानात येणाऱ्या लहान मुलांचे पालक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : मा. सभापती, महिला व बालकल्याण समिती