तर्कचिपचे आदानद्वार : एक दुर्लक्षित धडा

जाते कितीही चांगले असले, तरी निवडलेले धान्य त्यात पडले नाही तर पिठात खडा यावयाचाच. अंकीय यंत्रांची गोष्ट याहून निराळी नाही. यंत्राच्या आतील तर्क निर्दोष असला, तरी बाहेरून येणारा संकेत पारखून घेतला नसेल, तर निघणारा निर्णय चुकीचा ठरतो. असे असूनही तर्कचिपच्या शिक्षणात आतल्या तर्काला जेवढा वेळ मिळतो तेवढा आदानाला, म्हणजे संकेत आत घेण्याच्या व्यवस्थेला, मिळत नाही. हा क्रम उलटा झाला पाहिजे, हेच प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन होय.

‘एफपीजीए’ या नावाने ओळखली जाणारी चिप कारखान्यातून बाहेर पडते, तेव्हा तिचे काम ठरलेले नसते. तिच्यातील लहान लहान तर्कघटक कसे जोडावयाचे, हे वापरणारा ठरवितो आणि हवे तेव्हा बदलतो. रॉस फ्रीमन यांच्या कल्पनेतून अमेरिकेतील झायलिंक्स कंपनीने १९८५ साली या जातीची पहिली चिप बाजारात आणली. तीत असे ६४ घटक होते. आज साध्या चिपमध्येही ते हजारांनी मोजावे लागतात. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत तयार झालेले ‘शक्ती’ प्रक्रियकांचे आराखडेही अशा चिपवर उतरवून चालविता येतात. परंतु घटकांची जोडणी जशी ठरवावी लागते, तसे चिपच्या प्रत्येक पिनचे रूपही ठरवावे लागते. त्यासाठी चार प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात.

पहिला प्रश्न विद्युत् दाबाचा. ३.३ व्होल्टच्या प्रचलित मानकानुसार ०.८ व्होल्टपर्यंतचा दाब म्हणजे शून्य आणि २ व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब म्हणजे एक. यांमधला प्रदेश कोणाच्याच मालकीचा नाही. तेथे रेंगाळणाऱ्या संकेताचा अर्थ चिप कसा लावील, याची हमी कोणी देत नाही. शिवाय ३.३ व्होल्टसाठी बनविलेल्या पिनला ५ व्होल्टचे उपकरण थेट जोडले, तर चिप कायमची निकामी होऊ शकते. तेथे आतला तर्क काहीही करू शकत नाही.

दुसरा प्रश्न असा की, पिनला काहीच जोडलेले नसेल तेव्हा तिने काय समजावे? मोकळी पिन शून्यही नसते आणि एकही नसते. जवळून हात गेला तरी तिचे वाचन बदलू शकते. यासाठी पिन एका रोधकातून वरच्या दाबाला बांधून ठेवतात. बटण दाबले की ती जमिनीच्या पातळीला येते, सोडले की पुन्हा वर जाते. रोधक १० किलो-ओहमचा असेल, तर ३.३ व्होल्टला बटणातून केवळ ०.३३ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. एवढ्या अल्प किमतीत संदिग्धता नाहीशी होते. पुष्कळ चिपमध्ये हा रोधक आतच असतो. तो जोडण्याची आज्ञा मात्र द्यावी लागते.

तिसरा प्रश्न गोंगाटाचा. सावकाश चढणाऱ्या संकेतावर थोडा जरी गोंगाट असला, तरी तो सीमारेषा अनेकदा ओलांडतो. यावरचा उपाय ऑटो श्मिट या अमेरिकी शास्त्रज्ञाने माकुलाच्या मज्जातंतूंचा अभ्यास करीत असताना शोधला आणि १९३८ साली प्रसिद्ध केला. चढताना एक सीमा आणि उतरताना तिच्याहून खालची दुसरी सीमा, अशी ही योजना आहे. लहानसहान हेलकावे त्यामुळे निष्प्रभ होतात. बटणाच्या पट्ट्यांची थरथर मात्र एवढ्याने शमत नाही. ती ५ मिलिसेकंद टिकली, तर सेकंदाला ५ कोटी स्पंद देणाऱ्या घड्याळाचे अडीच लक्ष स्पंद तेवढ्या अवधीत होऊन जातात. म्हणून काही काळ स्थिर राहिलेला संकेतच खरा मानावा लागतो.

चौथा प्रश्न काळाचा, आणि सर्वांत फसवा. बाहेरचे जग चिपच्या घड्याळाप्रमाणे चालत नाही. स्पंदाच्या नेमक्या क्षणी संकेत बदलला, तर तो टिपणारा फ्लिप-फ्लॉप काही काळ त्रिशंकू अवस्थेत लोंबकळत राहतो. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील चेनी आणि मोलनार यांनी १९७३ साली या अवस्थेचे पुरावे प्रसिद्ध केले. ती समूळ टाळता येत नाही. परंतु एकामागे एक असे दोन फ्लिप-फ्लॉप ठेवून तिला निवळण्यास एका स्पंदाचा अवधी दिला, तर चुकीचा संभव अतिशय घटतो. तोच संकेत दोन ठिकाणी स्वतंत्रपणे टिपला, तर एक शून्य वाचील आणि दुसरा एक. म्हणून बाहेरच्या संकेताला एकाच द्वारातून आत घ्यावे आणि मगच वाटावे.

लॅटिस कंपनीच्या ‘आयसीई-४०’ चिपमध्ये पिनचे रूप सहा द्विमान अंकांनी ठरते. त्यांतील शेवटचे दोन अंक आदानाचे असतात. संकेत सरळ आत यावा, घड्याळाच्या स्पंदाबरोबर टिपला जावा, की धरून ठेवला जावा, हे तेच दोन अंक ठरवितात. एवढ्या लहान निर्णयावर संपूर्ण यंत्राची विश्वासार्हता अवलंबून असते.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, निर्मात्याने दिलेली साधने रिकाम्या जागा आपोआप भरतात. भरतात हे खरे. पण तारेच्या दुसऱ्या टोकाला बटण आहे की रुग्णाच्या नाडीचे ठोके मोजणारे उपकरण, हे त्यांना ठाऊक नसते. दुसरा आक्षेप असा की, नवशिक्यावर हा भार नको. वस्तुतः एक बटण व एक गणक एवढ्यावर हा धडा शिकविता येतो. बटण एकदा दाबले आणि गणकाने एकाऐवजी सात दाखविले, म्हणजे विद्यार्थ्याला जे उमगते ते सूत्राने उमगणार नाही. संगणकावरील आभासी चाचणीत आदान बहुधा नीटनेटके शून्य किंवा एक असते; म्हणून हे दोष तेथे सहसा दिसत नाहीत. प्रत्यक्ष यंत्रात ते महिन्यातून एकदा, कारण न सांगता प्रकट होतात. ज्या यंत्रावर कोणाचा जीव विसंबून आहे, तेथे महिन्यातून एकदाही पुष्कळ झाले.

म्हणून शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगवहीत तर्काच्या आकृतीपूर्वी एक तक्ता असावा : प्रत्येक पिनचा दाब किती, ती मोकळी असता काय समजावयाचे, गोंगाट कसा रोखावयाचा, आणि घड्याळाशी मेळ कसा घालावयाचा. हे चार रकाने भरल्यावाचून तर्काचा आराखडा तपासावयास घेऊ नये. तर्क चुकला तर तो पुन्हा लिहिता येतो. आत शिरताना बिघडलेला संकेत मात्र आत गेल्यावर ओळखूही येत नाही.