एवढं करून काय मिळालं?



घरात कुणाचा निकाल अपेक्षेपेक्षा कमी लागला की एक प्रश्न हमखास येतो. 'एवढं करून काय मिळालं?' कधी तोंडाने विचारला जातो, कधी नुसत्या नजरेने. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत नाव लागलं नाही की येतो, वर्षभर चित्रकलेच्या क्लासला जाऊन एलिमेंटरीत 'सी' ग्रेड मिळाली की येतो. या वेळी तो माझ्या वाट्याला आला. १९ जानेवारी २०२५ ला मी मुंबई मॅरेथॉन धावले. पूर्ण, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. पाच तासांच्या आत यायचं ठरवलं होतं. लागले पाच तास एकेचाळीस मिनिटं.

तुम्ही म्हणाल, चाळीस मिनिटांनी काय बिघडतं? बाहेरच्या माणसाला काहीच नाही. पण त्यामागे चार महिने असतात आणि ते चार महिने एकट्या धावणाऱ्याचे नसतात. म्हणून आधी घरचा हिशेब सांगते.

जानेवारीच्या शर्यतीचा सराव सप्टेंबरात सुरू करावा लागतो. आम्ही परळला राहतो. सप्टेंबर म्हणजे आमच्याकडे गणपती. लालबागची रांग पहाटे चारलाही हलत असते, तिथून धावायचं नावच नको. ते दिवस गेले की मग आठवड्याला चार दिवस. पावणेपाचला घर सोडायचं, प्रभादेवीवरून वरळी सीफेस, नाहीतर शिवाजी पार्कला फेऱ्या. दादरचा फूलबाजार तेवढा त्या वेळी पूर्ण जागा असतो, बाकी शहर झोपलेलं. रविवारी लांबची धाव, आधी १८, मग २४, शेवटी ३२ किलोमीटर.

आमच्या चाळीत पाणी पहाटे पाचला येतं. म्हणजे ज्या दिवशी मी धावणार त्या दिवशी पिंप नवऱ्याने भरायचं, डबा सासूबाईंनी लावायचा आणि तिसरीतल्या लेकीच्या वेण्या कुणीतरी घालायच्या. (नवरा शिकला. वेणी अजून वाकडी येते, पण टिकते.) रविवारी दहाला परत आल्यावर माझ्यात काही शिल्लक नसायचं. राणीच्या बागेत जायचं ठरलेलं असायचं आणि मी दुपारी झोपलेली असायची. नोव्हेंबरात विधानसभेच्या निवडणुकीची ड्युटी लागली, त्या प्रशिक्षणात एक रविवार गेला, तर ती धाव मी शनिवारी शाळेनंतर उन्हात केली आणि घरी आल्यावर कुणाशी धड बोलले नाही. हे सगळं घराने भरलं.

शर्यतीच्या दिवशी सुरुवात छान झाली. सीएसएमटीहून निघालो, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, वरळी, सी लिंक. निम्मं अंतर दोन तास सत्तावीस मिनिटांत झालं, अगदी ठरवल्यासारखं. माहीमहून शिवाजी पार्ककडे येताना लोक संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, मीठ घेऊन उभे असतात. प्रभादेवीला लेक आणि सासूबाई दिसल्या, तेव्हाही पाय चांगले होते. वरळीला पोटरीत गोळा आला, मग दुसऱ्या पायात. ऊन चढलं होतं. आपल्या दमट हवेत घाम अंगावरच राहतो, वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड व्हायला वेळ लागतो. त्यात तीसेक किलोमीटरनंतर स्नायूंमधली साठवलेली साखर संपत येते, हे तर प्रत्येक मॅरेथॉनवाल्याला माहीत आहे. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ मी चालत चढले. शेवटच्या बारा किलोमीटरला दोन तास आठ मिनिटं लागली. ज्या पायांनी डिसेंबरात ३२ किलोमीटर केले होते, तेच पाय.

घरी आल्यावर लेकीने विचारलं, "आई, तू नापास झालीस?"

मी तिला आकडे सांगितले. पाच तास ठरवले होते, पाच एकेचाळीस लागले, पायात गोळे आले, वाईट वाटतंय. तिने "बरं" म्हटलं आणि मेडल गळ्यात घालून शेजारी दाखवायला गेली. मोठ्यांना मात्र ते जमत नाही. "मेडल तर मिळालं ना", "पूर्ण केलीस हेच खूप आहे", असं सगळे म्हणतात. प्रेमाने म्हणतात, पण त्याचा अर्थ 'आता वाईट वाटून घेऊ नकोस' असा होतो, आणि वाईट तर वाटलेलं असतं. वर्गात रडणाऱ्या मुलाला आपण 'काही झालं नाही' म्हणतो, तेव्हा त्यालाही असंच होत असणार. मला दोन दिवस नीट वाईट वाटून घ्यायचं होतं. सोमवारी शाळेचा जिना कठड्याला धरून आडवी उतरत होते, ते बघून दुसरीची मुलं माझ्यामागे तशीच आडवी उतरायला लागली. तेव्हा पहिल्यांदा हसू आलं.

मंगळवारी तो प्रश्न आला. सासूबाई म्हणाल्या, "एवढं करून काय मिळालं गं? आता पुरे कर." रागाने नाही बोलल्या. त्यांनी चार महिने पहाटे उठून डबे केले होते, विचारायचा त्यांना हक्क होता.

पण मला वाटतं, या एका प्रश्नात आपण दोन वेगळे प्रश्न कोंबतो. एक, घराला हे किती महाग पडलं? दुसरा, निकाल काय लागला? पहिला प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याचं उत्तर दुसऱ्यावर अवलंबून नाही. माझी धाव घराला जड गेली असेल, तर मी चार तास एकोणसाठ मिनिटांत आले असते तरी ती जडच गेली असती. आणि घराला ती झेपत असेल, तर चाळीस मिनिटांनी ती एकदम न झेपणारी कशी होते? आमच्या गल्लीतले कितीतरी बाबा दर रविवारी टेनिस बॉलच्या मॅचला जातात. शून्यावर बाद होऊन येतात, पुढच्या रविवारी पुन्हा जातात. त्यांच्या धावा कुणी विचारत नाही. आईने स्वतःसाठी वेळ काढला की मात्र तिला काहीतरी कमावून आणावं लागतं.

मुलांच्या बाबतीतही हेच करतो आपण. गुण घसरले की पहिल्यांदा काय बंद होतं? नाच, कबड्डी, तबला. तबल्याच्या क्लासमुळे मूल खरंच थकत असेल, तर पहिला नंबर आला तरी क्लास कमी करावा. थकत नसेल, रमत असेल, फी परवडत असेल, तर 'सी' ग्रेडने काय बदललं? महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी आपण वर्षभर ठेवतो, कारण सत्राअखेरच्या एका पेपरात मूल मावत नाही, हे आपणच मान्य केलंय. घरी गेल्यावर ही वही आपण कुठे ठेवतो कोण जाणे.

मोठ्या धावपटूंकडे पाहा. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत मॅरेथॉनचं सुवर्ण जिंकलं, वेळ २ तास ३८ मिनिटं. सहा महिन्यांनी रिओ ऑलिंपिकमध्ये तिला जवळजवळ तीन तास लागले आणि ती १२०वी आली. वीस मिनिटांहून जास्त फरक, तोही अशा बाईचा जिचं हे आयुष्यभराचं काम. मॅरेथॉन असं करते. आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं तिचं दहा हजार मीटरचं कांस्य रिओनंतर कुणी काढून नेलं नाही. त्याच्याही मागे जायचं तर १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकची मॅरेथॉन घ्या. बेळगावचे फडेप्पा चौगुले त्यात १९वे आले. त्यांचं नाव कधीमधी ऐकायला तरी मिळतं. त्याच शर्यतीत सदाशिव दातारही होते. त्यांची शर्यत पूर्ण झाली नाही, म्हणून ते कुणाला आठवत नाहीत. पण सराव त्यांनीही केलाच असेल, आणि त्यांच्या घरानेही काही ना काही भरलं असेल.

तर आम्ही घरी पहिला प्रश्न घेऊन बसलो, वेळेचा विषय बाजूला ठेवून. नवरा म्हणाला, धावण्याचं काही नाही, पण सगळे रविवार जातात. सासूबाई म्हणाल्या, आठवड्यातून दोनदाच डबा लावीन, चारदा नाही. लेकीला फक्त राणीची बाग हवी होती. मी म्हटलं, मला हे सोडायचं नाही. पाऊण तास चाललं, थोडा आवाजही चढला. ठरलं ते असं: एक रविवार माझा, एक घराचा. पुढच्या जानेवारीला पूर्ण धावायचं की अर्धी, २१ किलोमीटरची, ते ऑगस्टमध्ये बघू. या बेतात पाच तासांच्या आत येणं जमणार नाही, हे मला दिसतंय आणि ते मी मोठ्याने सांगितलंही. सासूबाई म्हणाल्या, "मग कशाला?" मी म्हटलं, "आवडतं म्हणून." त्या काही बोलल्या नाहीत, पण दोन दिवसांचा डबा तेवढा पक्का झाला.

या आठवड्यात रविवार माझा आहे. पाणी भरायची पाळीही माझीच, त्यामुळे पिंप भरून झाल्यावर, सहाला निघेन.