लहान चणीच्या नवशिक्याने जुनी टूरर जरूर घ्यावी

पाच फूट उंचीच्या एखाद्या मुलीने घरात सांगून पाहावं, की मला लांबच्या प्रवासासाठी मोटरसायकल घ्यायची आहे, बजेट लाखाच्या आत आहे आणि जुनी गाडी चालेल. वडील म्हणतात, तुझे पाय टेकणार नाहीत. भाऊ म्हणतो, दुसऱ्याची डोकेदुखी विकत कशाला घेतेस? ऑफिसातला बुलेटवाला म्हणतो, आधी दोन वर्षं शंभर सीसी चालव. पाच फूट तीन-चार इंचांच्या मुलग्यांनाही हेच ऐकावं लागतं, फक्त चेष्टेच्या सुरात. या सल्ल्यांमागे काळजी असते हे मान्य. पण काळजीपोटी दिलेला सल्ला बरोबर असतोच असं नाही. म्हणून हे आक्षेप एकेक करून तपासायला हवेत.

पहिला आक्षेप उंचीचा. तो घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ‘टूरिंग’ म्हटलं की उंच, अवजड गाडी उभी असते. बाजारात मात्र तसं नाही. बजाज अ‍ॅव्हेंजर २२० ही २०१० पासून निघालेली गाडी पाहा. तिच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत सीटची उंची ७१० ते ७३७ मिलिमीटरच्या दरम्यान आहे आणि वजन साधारण १५५ ते १६३ किलो. रॉयल एनफिल्ड थंडरबर्ड ३५० ची सीट ७७५ मिलिमीटरवर, पण वजन १९२ किलो. हिमालयन ४११ ची सीट ८०० मिलिमीटर, आणि वजन २०१६ च्या १८२ किलोंवरून बीएस-६ आवृत्तीत १९९ किलोंपर्यंत गेलेलं. या तिन्ही गाड्यांवरून लोक लांबचे प्रवास करतात, मग तिघींना एकच नियम कसा लागू होईल? अ‍ॅव्हेंजरवर पाच फुटांच्या माणसाचे दोन्ही तळवे बहुधा जमिनीवर येतात. हिमालयनवर त्याच माणसाचे चवडे जेमतेम पोचतील.

शिवाय कॅटलॉगमधला आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. सीट पुढच्या बाजूला रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पायांची लांबी वाया जाते. चालक हलका असेल तर शॉकअप कमी दबतात, म्हणजे पंचेचाळीस किलोच्या माणसाला तीच गाडी ऐंशी किलोच्या माणसापेक्षा उंच लागते. आणि हाताकडे तर कोणीच पाहत नाही. बोटं आखूड असतील आणि क्लच जड असेल, तर घाटातल्या ट्रॅफिकमध्ये पायांच्या आधी मनगट दगा देतं. म्हणून डोक्यापासून पायापर्यंतची उंची सांगून कोणाला बाद करू नये. गाडीवर बसवावं, क्लच पाच मिनिटं दाबून-सोडून पाहायला सांगावं, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवताना खांदा ओढला जातो का ते पाहावं.

दोन्ही पाय सपाट टेकलेच पाहिजेत हा हट्टही चुकीचा आहे. थांबताना डावा पाय खाली आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर, ही पद्धत शिकवली जाते ती उंच चालकांनाही. वरंध घाटात चढावरच्या वळणाला पुढे एसटी अडली की दोन्ही पाय खाली ठेवणाऱ्याची गाडी मागे घसरू लागते, कारण पुढच्या ब्रेकवरचा हातच त्याला ॲक्सिलरेटरसाठी लागतो. एका पायावर थांबणारा मागचा ब्रेक धरून शांतपणे गाडी उचलतो. गाडी नीट थांबवणं ही सवय आहे आणि ती लहान चणीच्या माणसाला लागते तशी कोणालाही लागते.

दुसरा आक्षेप जुनेपणाचा. एल्स्पेथ बियर्ड ही ब्रिटिश तरुणी १९८२ मध्ये जगप्रवासाला निघाली ती १९७४ च्या, दुसऱ्याने वापरलेल्या बीएमडब्ल्यू आर ६०/६ वर. १९८४ मध्ये ती प्रवास पुरा करून परतली, तोपर्यंत गाडी दहा वर्षांची झाली होती. आपल्या गाडीची कामं तिला स्वतःला येत होती. जुनी गाडी भरवशाची असते की नाही, हे तिच्या वयापेक्षा कितीतरी जास्त या एका गोष्टीवर ठरतं, की तिच्यात काय झिजलंय हे मालकाला कळतं का आणि ते दुरुस्त करता येतं का.

इथे आपल्याकडच्या जुन्या एकसिलिंडर गाड्या नव्या गाड्यांपेक्षा उजव्या ठरतात. अ‍ॅव्हेंजर किंवा जुनी थंडरबर्ड बंद पडली तर मालवणच्या, साताऱ्याच्या, सटाण्याच्या कुठल्याही मेकॅनिकला ती खोलता येते, लॅपटॉप जोडावा लागत नाही. आणि नवशिक्याची गाडी पहिल्या काही महिन्यांत उभ्या उभ्या पडणारच. नवी कोरी गाडी पडली की चरा टाकीवर उमटतो आणि धास्ती मनात बसते. पुढच्या वेळी माणूस गाडी वळवताना अंग चोरतो, आणि अंग चोरल्यानेच पुन्हा पडतो. आधीच ओरखडे असलेल्या गाडीवर हे भय निम्मं कमी होतं. शिकणाऱ्यासाठी हा मोठा फायदा आहे.

‘पण फसवणूक होते’ असं कोणी म्हणेल. होते, आणि ती टाळताही येते. विकणाऱ्याला आधीच सांगावं की मी येण्यापूर्वी गाडी सुरू करू नका. गेल्यावर इंजिनला हात लावून पाहावं. ते गरम असेल तर काहीतरी झाकलं जातंय. थंड इंजिन सुरू करताना निळसर धूर येतो का, टायमिंग चेनची खडखड मिनिटभराने थांबते की चालूच राहते, ते ऐकावं. मेन स्टँडवर लावून पुढचं चाक अधांतरी करून हँडल हळूहळू फिरवावं. मध्यावर खटकन अडकलं तर कोनसेट गेला. पुढच्या शॉकअपच्या नळीवरून बोट फिरवून तेल लागतं का ते पाहावं. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१६ असेल तर तो टायर २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातला, मग नक्षी कितीही खोल दिसो, तो बदलायचाच. टाकीचं झाकण उघडून आत मोबाइलचा टॉर्च मारावा. गंज दिसला तर कार्बोरेटर साफ करण्याचा खर्च धरूनच किंमत ठरवावी. आता इथेनॉलमिश्रित पेट्रोल सगळीकडे मिळतं, इथेनॉल हवेतली ओल धरतं, आणि महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीची टाकी व रबरी नळ्या त्यातून लवकर खराब होतात. इतकं पाहायला अर्धा तास पुरतो आणि त्यासाठी उंची लागत नाही.

कागदांचंही तसंच. आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवावा. कर्ज होतं तर ते फिटल्याची नोंद आरसीवर हवी, नसेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ हवा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत, गाडी परराज्यातली असेल तर एनओसीही बघावी. विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांच्या आत अर्ज करावा, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. आणि नोंदणी १५ वर्षांची असते हे विसरू नये. २०१२ ची थंडरबर्ड घेतली तर २०२७ मध्ये फेरनोंदणी, तपासणी आणि पर्यावरण कर हे सगळं नव्या मालकाच्या डोक्यावर येतं.

तिसरा आक्षेप अनुभवाचा, आणि त्यात तथ्य आहे. युरोपात परवान्याच्या पायऱ्या असतात: आधी १२५ सीसीपर्यंत, मग ३५ किलोवॉटपर्यंत, मग पुढे. आपल्याकडे गिअरच्या मोटरसायकलचा परवाना अठराव्या वर्षी मिळाला की कितीही सीसीची गाडी चालवायला कायद्याची आडकाठी नाही. म्हणून पायरी आपणच घालून घ्यावी लागते. पण ती पायरी म्हणजे ‘दोन वर्षं शंभर सीसी’ नव्हे. शंभर सीसी गाडीवर क्लच, गिअर आणि ट्रॅफिक कळला की तिचं काम झालं. दीडशे-पावणेदोनशे किलो वजन सांभाळणं हे त्याच वजनाच्या गाडीवर शिकावं लागतं. मोकळ्या मैदानात, टाकी अर्धी रिकामी ठेवून, अर्धा क्लच आणि मागचा ब्रेक यांच्यावर चालण्याच्या वेगाने आठ काढत राहणं, हा खरा अभ्यास. थंडरबर्डची २० लिटरची टाकी पूर्ण भरली की १५ किलो वजन वाढतं, आणि तेही वरच्या बाजूला. ते पेलायचं नंतर.

याच मैदानात पडलेली गाडी उचलायलाही शिकावं. आधी इंजिन बंद. गाडी उजवीकडे पडली असेल तर उठवण्यापूर्वी साइड स्टँड बाहेर काढावा, म्हणजे ती पलीकडे कोसळत नाही. गिअर पहिल्यात, म्हणजे चाक घरंगळत नाही. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवावं, गाडीकडे पाठ करून कंबर सीटच्या कडेला टेकवावी, एका हातात खालचं ग्रिप, दुसऱ्यात मागचा दांडा, आणि पाठ ताठ ठेवून लहान लहान पावलांनी मागे सरकावं. जोर मांड्या लावतात. पन्नास किलोच्या माणसाला अ‍ॅव्हेंजर अशी उभी करता येते. ती करता आल्यावर ‘झेपणार नाही’ या वाक्यातला बराचसा दम निघून जातो.

चौथा आक्षेप एबीएसचा. तो मी पूर्ण मान्य करतो. १२५ सीसीवरच्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झालं ते नव्या मॉडेलांना एप्रिल २०१८ पासून आणि सगळ्यांना एप्रिल २०१९ पासून. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत ते नाही. पावसाळ्यात कोकणात उतरताना घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबणारा नवशिक्याच असतो, म्हणून एबीएसची गरज सर्वांत जास्त त्यालाच. माझं उत्तर सरळ आहे: बजेटमध्ये २०१९ नंतरची गाडी बसत असेल तर थोडी महाग पडली तरी तीच घ्यावी, आणि बसत नसेल तर पहिला पावसाळा घाटात काढू नये. एवढं मान्य करूनही मूळ मुद्दा ढळत नाही. यातून जुनी गाडी घेऊ नये असं निघत नाही, किती जुनी घ्यावी याची मर्यादा तेवढी ठरते.

याच्या अगदी उलट टोकाला विकणारे असतात. ‘ताई, उंच वाटतेय ना, सीट कोरून देतो, मागचा शॉकअप खाली करतो, महिन्यात सवय होईल.’ घरच्यांच्या भीतीपेक्षा हे गोड बोलणं जास्त धोक्याचं आहे. सीटचा फोम थोडा कमी करणं किंवा मागच्या स्प्रिंगची चकती सैल खाचेवर आणणं ठीक. पण नुसता मागचा भाग खाली केला तर गाडीचा तोल बदलतो, स्पीडब्रेकरला पोट घासतं आणि साइड स्टँड लांब पडून गाडी सरळ उभी राहते, म्हणजे वाऱ्याच्या झोताने पडते. जिला दोन इंच कापावं लागतं ती गाडी आपली नव्हे. शंभर गाड्यांत आपल्या मापाची एक असतेच, तिची वाट पाहावी.

मग घ्यावं काय? बुटक्या, कमी अनुभवाच्या माणसाने लांबच्या प्रवासासाठी कमी उंचीची, पावणेदोनशे किलोंच्या आतली, एकसिलिंडर, कागद स्वच्छ असलेली, पाच-सात वर्षांची गाडी घ्यावी. बजेटमधली चौथाई रक्कम गाडीवर खर्चच करू नये. तिच्यातून नवे टायर, ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, चेन-स्प्रॉकेट आणि आपल्या मापाचं हेल्मेट, जॅकेट, घोट्यापर्यंतचे बूट घ्यावेत. आणि घरच्यांनी, मित्रांनी ‘तुला झेपणार नाही’ म्हणायच्या ऐवजी रविवारी सकाळी त्या मुलीबरोबर गाडी पाहायला जावं, टायरवरचे आकडे तिच्याबरोबर वाचावेत, मैदानात तिचं आठ काढणं पाहावं. खरी काळजी अशी घेतली जाते, आणि अशा काळजीतूनच चांगला चालक तयार होतो.