सपाट फरशीवरचा गुडघा

कृत्रिम अवयव वाटपाची शिबिरे आपल्याकडे अधूनमधून भरत असतात. सभागृहाची गुळगुळीत फरशी, व्यासपीठावर मान्यवर, आणि नव्या पायावर चार पावले टाकून दाखविणारा लाभार्थी, हे दृश्य वाचकांच्या परिचयाचे आहे. त्या समारंभामागील सद्‌भावनेविषयी आम्हांस शंका नाही. आमचा प्रश्न समारंभ संपल्यानंतरचा आहे. हा गृहस्थ घरी परततो ती वाट फरशीची नसते. गोमंतकात सपाट जमीन आहे ती खाजनांत आणि समुद्रकाठी. बाकीचा गोवा चढउतारांचा आहे. सत्तरीतील वा सांग्यातील माणसाला घरातून निघून बसथांब्यापर्यंत पोहोचण्यासाठी शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्या आणि एखादी घाटी उतरावी लागते. पारोड्याच्या पर्वतावर देवदर्शनाला जाण्याची गोष्ट तर सोडूनच द्या.

ज्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, त्याला स्वतःचा गुडघा शिल्लक असतो. १९६८च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी सिद्ध केलेल्या जयपूर पावलाने अशा सहस्रावधी लोकांना पुन्हा शेतात उभे केले. मांडीतून पाय गेलेल्याचे दुःख निराळे आहे. त्याला पाऊल मिळते, पण त्याची खरी परीक्षा गुडघा घेतो, आणि ती उतारावर घेतो.

उतार उतरताना आपल्या शरीराचा भार गुडघ्यामागून जातो व गुडघा मोडू पाहतो. विहिरीत कळशी सोडताना दोर हातातून सावकाश सोडावा, त्याप्रमाणे मांडीचे स्नायू तो भार थोडाथोडा खाली सोडीत असतात. हे काम यंत्राने कसे करावे, हाच सारा प्रश्न होय.

सर्वांत साधा उपाय म्हणजे कडीने बंद राहणारा गुडघा. तो दगा देत नाही, परंतु पाय काठीसारखा ताठ राहतो. चढावर त्याचा चवडा जमिनीला अडतो, म्हणून तो बाहेरून फिरवून आणावा लागतो. भार पडताच घर्षणाने अडणारा गुडघा याहून बरा, पण भार असेपर्यंत तो वाकत नाही. त्यामुळे उतारावर कृत्रिम पाय पुढे टाकावा, मग चांगला पाय त्याच्याशेजारी आणावा, असे एकेक पाऊल मोजीत उतरावे लागते. शरीर खाली उतरविण्याचा भार दर वेळी चांगल्याच पायावर पडतो, आणि या धडक्या गुडघ्याची झीज हे अशा रुग्णांचे पुढच्या आयुष्यातील नेहमीचे दुखणे आहे.

चार दांड्यांच्या जोडणीचा गुडघा आपल्या देशात अलीकडे प्रसार पावला. जयपूरच्या संस्थेसाठी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २००८च्या सुमारास असा स्वस्त गुडघा घडविला. मद्रासच्या आयआयटीने २०२२ मध्ये ‘कदम’ नावाचा गुडघा पुढे आणला. टाच टेकताना तो स्थिर राहतो. वाकताना पाय किंचित आखूड होत असल्याने चढावर चवडा अडखळत नाही. ‘कदम’ तर १६० अंशांपर्यंत वाकतो; बसमध्ये अथवा खाली बसताना याचे मोल कळते. हे यश लहान नव्हे. पण एकदा वाकू लागल्यावर भार तोलून धरणारे त्यात काही नाही. उतारावर तो एक तर सरळ, नाही तर कोसळलेला.

दोर सावकाश सोडण्याचे काम खऱ्या अर्थाने तेलाच्या दाबावर चालणारा गुडघा करतो. अरुंद छिद्रातून तेल हळूहळू सरकते आणि भाराखाली गुडघा संथपणे वाकतो. हान्स माउख या अभियंत्याने १९६०च्या दशकाअखेर अशी रचना अमेरिकेत प्रचारात आणली. म्हणजे ही विद्या काही कालपरवाची नाही. १९९७ मध्ये जर्मनीच्या ऑटो बॉक कंपनीने ‘सी-लेग’मध्ये त्या तेलाचा दाब संगणकाच्या स्वाधीन केला. गुडघ्याचा कोन व पायावरील भार तो सेकंदाला पन्नास वेळा पाहत असे. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात साध्या गुडघ्यावरून अशा गुडघ्याकडे वळलेले लोक उतार अधिक वेगाने उतरू लागले, त्यांचे अडखळणे व पडणे कमी झाले, असे आढळले. चढावर मात्र यांपैकी कोणताही गुडघा माणसाला वर उचलीत नाही. ते कष्ट कमरेलाच करावे लागतात, आणि विक्रेत्यांनी हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

संगणकाच्या गुडघ्याची किंमत कित्येक लाखांत जाते, त्याची बॅटरी भरावी लागते, आणि आमच्या आषाढात प्रत्येक नमुना टिकेल असे नाही. तो सर्वांना द्या, असे आम्ही म्हणणार नाही. तेलाचा गुडघाही जड असतो, त्याला देखभाल लागते, आणि वाकत्या पायावर विश्वासून भार टाकण्यास काही आठवडे शिकावे लागते. परंतु कुळागरात वा काजूच्या डोंगरावर ज्याचे पोट आहे, त्याला सपाट जमिनीचा गुडघा देऊन हिशेब मिटविणे ही काटकसर नव्हे. तो पाय लौकरच दाराआड उभा राहतो, आणि माणूस ओसरीवर बसतो. सरकारी कागदांत मात्र तो चालता झालेला असतो.

म्हणून आमची मागणी अगदी साधी आहे. पाय बसविणाऱ्या प्रत्येक केंद्रात एक उतरंड आणि चिऱ्यांच्या चार ओबडधोबड पायऱ्या असाव्यात. सार्वजनिक इमारतींचा १:१२चा सौम्य उतार येथे पुरेसा नाही. उतरंड घाटीसारखी तीव्र हवी. निरनिराळे गुडघे बांधून तिच्यावर चालून पाहिल्यावाचून कोणाच्याही नावावर पाय लिहू नये. माप घेणाऱ्याने ‘घर कोठे, वाट कशी, काम कोणते’ हे तीन प्रश्न विचारून त्यांची उत्तरे अर्जावर नोंदवावीत, आणि अनुदानाची मर्यादा त्या उत्तरांवर ठरावी. सर्वांत कमी दराच्या निविदेवर ती ठरू नये. पाऊलही त्यासोबतच निवडले जावे, कारण ताठ घोट्याचे पाऊल उतारावर नडगी पुढे ढकलते आणि उत्तम गुडघ्यालाही मोडावयास लावते. पावसाळ्यापूर्वी एकदा तपासणी, आणि दुरुस्तीच्या काळात वापरावयास बदली गुडघा, एवढी सोय जिल्हा रुग्णालयांत करणे राज्याला जड जाऊ नये.

गेल्या पाच वर्षांत शिबिरांतून दिलेल्या पायांपैकी किती आज वापरात आहेत, याची मोजणी समाजकल्याण खात्याने घरोघर जाऊन करावी आणि विधानसभेच्या येत्या अधिवेशनात ती सभागृहापुढे ठेवावी.