भिंत कोणाची?

पळस्पे सोडून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पुढे निघालात की कोन येते. आम्ही इथे राहतो आणि तालुक्यातल्याच एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. रोज जाता-येता रस्त्यावरचे सगळे वाचून होते, कारण अक्षर दिसले की ते वाचल्याशिवाय मास्तर माणसाला राहवत नाही. काय वाचतो आम्ही? 'वन बीएचके, ताबा लगेच.' 'दहावी-बारावी, शंभर टक्के निकाल.' 'मूळव्याध, भगंदर, ऑपरेशनशिवाय इलाज.' मग कुणातरी भावी सदस्याचा वाढदिवस, एका मोठ्या चेहऱ्याखाली तीस शुभेच्छुकांचे चेहरे पोस्टाच्या तिकिटांसारखे चिकटवलेले. एवढे वाचून घरी आलेल्या माणसाला कोणी सांगितले की बाबा रे, भिंतीवर काही काढू नये, त्याने परिसराची शोभा जाते, तर त्याने हसावे की रडावे?

आम्हाला हे खरेच सांगण्यात आले. गेल्या वर्षी आमच्या मनात आले की शाळेच्या आवाराची बाहेरची भिंत मुलांकडून रंगवून घ्यावी. बेत फार मोठा नव्हता. उर्दू आणि मराठी मुळाक्षरे शेजारी शेजारी, भाताची खाचरे, खाडीतली होडी, एक आजी आणि तिच्या मांडीवरचे मूल. रेखाटन करून द्यायला नाक्यावरचे पेंटरचाचा तयार होते. रीतसर अर्ज केला. उत्तर तोंडी आले: चित्रे नकोत, उद्या कोणी हरकत घेतली तर? दोन महिन्यांनी त्याच भिंतीवर एका खासगी क्लासची जाहिरात आली, पिवळ्यावर लाल. तिला कोणी हरकत घेतली नाही. तिचे भाडे भरलेले होते.

पेंटरचाचांविषयी थोडे सांगितले पाहिजे. चाळीस वर्षे त्यांनी ब्रश धरला. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, निवडणुकीच्या भिंती, मशिदीतला नमाजच्या वेळांचा फळा, जत्रेचा बोर्ड, सगळे त्यांच्या हातचे. मराठी लिहितील, इंग्रजी लिहितील, आणि उर्दू अशी लिहितील की आमच्यासारख्या बी.एड. झालेल्याला आपल्या फळ्यावरच्या अक्षरांची लाज वाटावी. २००० नंतर काही वर्षांतच फ्लेक्स आला आणि दोन दिवसांचा बोर्ड दोन तासांत निघू लागला. त्याआधी उर्दू छापखान्यांतल्या कातिबांचे हेच झाले होते. १९८१ मध्ये नूरी नस्तालीक आली, १९९४ मध्ये इनपेज आले, आणि वर्तमानपत्राचे पान आपल्या हाताने लिहिणारा माणूस घरी बसला. कातिबासाठी आमच्यात निदान मर्सिये तरी म्हटले गेले, दोन-चार लेख आले. पाट्या रंगवणाऱ्यासाठी कोणी डोळे ओले केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

असे का? कारण आमच्या सुशिक्षित मंडळींच्या डोक्यात एक वर्गवारी पक्की बसली आहे. गॅलरीत टांगतो तो कलावंत, भिंत रंगवतो तो रंगारी. पैशासाठी काढलेले चित्र हलके, स्वान्तसुखाय काढलेले थोर. या मंडळींच्या घरात मकबूल फिदा हुसेन यांच्या चित्राची छापील प्रत लावलेली असते, म्हणून त्यांनाच विचारतो. १९१५ मध्ये पंढरपुरात जन्मलेला हा माणूस मुंबईत आला तेव्हा कशावर जगला? सिनेमाची होर्डिंगे रंगवून, चौरस फुटाला काही आणे या दराने. पुढे लहान मुलांची खेळणी आणि लाकडी सामान यांचे नमुनेही त्याने केले. त्याची ती रुंद, एका दमात ओढलेली रेघ रस्त्यावरच्या परातीएवढ्या डोळ्यांवर आणि दारांएवढ्या ओठांवर बसली होती, असे आम्ही मानतो. धंद्याने तो हात बिघडवला असे म्हणायची कोणाची छाती आहे?

पेंटरचाचांचे याबाबतचे मत आम्हाला अपमान होऊनच कळले. भिंतीचे रेखाटन त्यांनी फुकट करून द्यावे असे आम्ही सुचवले होते. कौमचे काम आहे, सवाब मिळेल, असेही वर म्हणालो. त्यांनी ब्रश पुसला आणि विचारले, "सर, तुमचा पगार सवाबमध्ये होतो का?" आम्ही गप्प. मग ते म्हणाले, "मजुरी घेतली म्हणून अक्षर खोटे होत नाही. पण मजुरी देणाऱ्याने भिंतच विकत घेतली, दुसऱ्याला बोलायला जागाच ठेवली नाही, तर त्याला काय म्हणायचे ते तुम्ही शिकलेले लोक सांगा."

आमचे सगळे भांडण याच दोन वाक्यांवर उभे आहे. कलावंताने पैसे घ्यावेत, पुरेसे घ्यावेत, मागून घ्यावेत. सवाबाच्या नावाने, समाजकार्याच्या नावाने, 'तुमचे नाव होईल' या आमिषाने त्याला फुकट राबवणे ही लबाडी आहे आणि ती आपण सर्रास करतो. जलशाचा मंडपवाला पैसे घेतो, बिर्याणीवाला घेतो, फक्त बॅनर लिहिणाऱ्याला दुआ मिळते. बाजार तर कलावंताची परवानगीसुद्धा विचारत नाही. रस्त्यावरच्या भिंतींवर चित्रे काढून नाव झालेल्या बँक्सी या इंग्रज चित्रकाराने २०१८ मध्ये लंडनच्या लिलावात आपले चित्र विकले जाताच चौकटीत लपवलेल्या यंत्राने त्याच्या अर्ध्याअधिक चिंध्या केल्या. लिलाव दहा लाख पौंडांवर गेला होता. तेच चिंध्या झालेले चित्र तीन वर्षांनी पावणेदोन कोटी पौंडांच्याही वर विकले गेले! म्हणून बाजाराला शिव्या घालून भागणार नाही. प्रश्न रस्त्यावरच्या जागेचा आहे. गॅलरीत जायला निदान इच्छा लागते, पुस्तकाला पैसे लागतात. भिंत मात्र हमालाला, शाळेतून परतणाऱ्या पोरीला, बाजार करून येणाऱ्या बाईला, सगळ्यांना समोर येते. ती फक्त पैसेवाल्याने बोलावी, हे कोणी ठरवले?

कायद्याने, असे उत्तर मिळते. राज्यात १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे आणि तो असावाच. दुसऱ्याच्या घरावर कोणी रंग फासत सुटावे असे आम्हीही म्हणत नाही. पण विद्रूप कशाला म्हणायचे? १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर जे होर्डिंग कोसळले ते १२० फूट लांब आणि १२० फूट उंच होते. मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची. सतरा माणसे गेली. ते पडेपर्यंत त्याच्याखालून लाखो लोक ये-जा करत होते आणि कोणाला ते विद्रूप वाटले नव्हते. मुलांनी रंगवलेली भिंत अजून कोणाच्या अंगावर पडल्याचे आम्ही वाचलेले नाही. आणि परवानगी देता येत नाही असेही नाही. २००९ मध्ये त्याच महापालिकेने तुळशी पाइप रोडची रेल्वेच्या कडेची लांबलचक भिंत लोकांना रंगवायला मोकळी केली होती. मुंबईत जमते ते आमच्याकडे का जमू नये?

आता घरातले बोलतो, कारण बाहेरच्यांना बोल लावून मोकळे होणे हा आमच्या समाजाचा जुना छंद आहे. भिंतीची गोष्ट निघाली तेव्हा पहिली हरकत आपल्याच माणसांची होती. आजीचे चित्र नको, जानदाराची तस्वीर जायज नाही. आम्ही मुफ्ती नाही. या मसल्यावर उलेमांत काय मतभेद आहेत ते जाणकारांनी सांगावे, ज्याला तस्वीर टाळायची त्याने टाळावी, आम्ही त्याचा आदरच करू. पण हरकत घेणाऱ्या जनाबांचा स्वतःचा फोटो त्याच ईदला नाक्यावर लागला होता, आठ फुटी, गुलाबी शेरवानीत, 'ईद मुबारक'सह. पोराने खडूने काढलेली आजी नाजायज आणि फ्लेक्सवरचे जनाब जायज, हा कोणता मसलक? हुसेन यांच्या बाबतीतही आपले हात स्वच्छ नाहीत. त्यांच्यावर हिंदुत्ववाद्यांनी खटले भरले, २००६ मध्ये त्यांना देश सोडावा लागला, २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अश्लीलतेचे खटले रद्द करूनही ते परतले नाहीत आणि २०११ मध्ये लंडनला वारले, हे आपण घसा कोरडा करून सांगतो. २००४ मध्ये त्यांच्या 'मीनाक्षी' चित्रपटातल्या कव्वालीवरून काही मुस्लिम संघटनांनीच गहजब केला आणि चित्रपट पडद्यावरून उतरवावा लागला, हे सांगताना मात्र आपला आवाज का बसतो?

दुसरी हरकत उर्दूवर होती. रस्त्याकडेच्या भिंतीवर उर्दू कशाला, लोकांना वेगळे वाटेल. 'लोकांना' म्हणजे कोणाला ते कोणी सांगेना. अकोला जिल्ह्यातल्या पातूरच्या नगर परिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दू होती, त्यावरून वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने फलकावरची उर्दू कायम ठेवली. भाषा म्हणजे धर्म नव्हे, असे सांगितले आणि उर्दू याच मातीत जन्मली याचीही आठवण दिली. तिथे १९५६ पासून दोन्ही लिप्या वापरात होत्या. आम्ही तर फलकही मागत नव्हतो. 'अलिफ'च्या शेजारी 'अ' मागत होतो, आणि तोही मराठी आधी ठेवून. आमच्या मुलांना दोन्ही लिप्या येतात. त्यांच्यापैकी काहींची मराठी ऐकून तपासायला आलेले साहेब चकित होतात, हे चकित होणेही आता पुरे झाले.

कोनच्या भिंतींचा आम्हाला एवढा कळवळा का, याला आणखी एक कारण आहे. आमच्या डोळ्यांसमोर गिरणी कामगारांच्या घरांचे मनोरे उभे आहेत. २०१६ च्या सोडतीत इथली २,४१७ घरे त्यांना लागली. ताबा मिळायला पुढे वर्षे गेली, तो वेगळाच तमाशा. हे लोक कुठून आले? लालबाग-परळहून, जिथे १९८२ च्या संपात भिंत आणि गेट हीच कामगारांची वर्तमानपत्रे होती. त्याच्या कितीतरी आधी त्याच वस्तीत बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे आपले शाहीर अमर शेख, रस्त्यावर उभे राहून डफाच्या थापेवर हजारोंना खिळवून ठेवत होते. रस्ता हाच रंगमंच मानणारा हा मराठी मुसलमान आपल्या व्यासपीठांवर आपण वर्षातून एकदा आठवतो. त्याचे ऐकलेला एखादा वृद्ध कामगार आज कोनला खिडकीत बसत असेल, तर त्याला समोर काय दिसते? 'वन बीएचके, ताबा लगेच.'

भिंत मिळाली नाही तेव्हा आम्ही वर्गाच्या आतली बाजू रंगवली. पेंटरचाचा तीन दिवस आले, शिक्षकांनी वर्गणी काढून त्यांची पूर्ण मजुरी दिली आणि त्यांनी ती मोजून घेतली. 'लाम'चा गोल कुठे वळतो आणि 'ळ'चा कुठे, हे त्यांनी मुलांना हात धरून दाखवले. आजीचा चेहरा मुलांनी रिकामा ठेवला आहे. कोणी सांगितले म्हणून, की चेहरा जमला नाही म्हणून, ते आम्ही विचारलेले नाही.

बाहेरच्या जाहिरातीची मुदत मार्चअखेर संपते असे कळते. नवा अर्ज लिहून ठेवला आहे, मराठीत. सोबत भिंतीचा नकाशा जोडला आहे आणि या वेळी खाली चाचांच्या मजुरीचा आकडाही घातला आहे.